मनावरचा ताण आणि मनोविकृतीप्रवण मेंदू

मनोविकृती, म्हणजेच सायकोसिस, या अवस्थेत माणसाचा वास्तवाशी असलेला धागा सुटतो. आसपास कोणी नसताना आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्याविरुद्ध कट करत आहेत याची पक्की खात्री वाटते, बोलण्यातली संगती तुटत जाते. स्किझोफ्रेनिया हा या गटातला सर्वांत परिचित आजार आहे. मात्र बायपोलर आजारात, तीव्र नैराश्यात किंवा नशेच्या अमलाखालीही अशी लक्षणे दिसतात. ती पहिल्यांदा उमटतात ती बहुधा किशोरवय सरता सरता किंवा विशीत. मागे वळून पाहिले तर त्याआधीच्या काळात काहीतरी घडलेले सापडते: परीक्षेतले अपयश, गेलेली नोकरी, सुटलेले गाव, घरातला न संपणारा कलह. घरचे लोक तोच प्रसंग आजाराचे कारण म्हणून सांगतात आणि डॉक्टर मेंदूतल्या रसायनांविषयी बोलतात. ऐकणाऱ्याला वाटते, यांपैकी एकच कोणीतरी बरोबर असणार. गेल्या पन्नासेक वर्षांच्या संशोधनातून दिसते ते असे, की दोघेही एकाच प्रक्रियेची दोन टोके धरून बोलत असतात. आयुष्यातला ताण मेंदूपर्यंत ठरावीक शारीरिक वाटांनी पोहोचतो, आणि काही माणसांच्या मेंदूत या वाटा आधीपासूनच जास्त उघड्या असतात.

अशा माणसांना मनोविकृतीप्रवण म्हटले जाते. प्रवणतेचा मोठा भाग आनुवंशिक असतो. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया झाला, तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून थोडी कमी असते. सर्वसामान्य लोकसंख्येत हे प्रमाण साधारण शंभरात एक असते, त्या मानाने हा आकडा फार मोठा आहे. तरीही तो शंभर टक्के नाही, हे तितकेच महत्त्वाचे. जनुके तीच असताना एक जुळा आजारी पडतो आणि दुसरा आयुष्यभर निरोगी राहतो. शिवाय हे एखाद्या एकट्या जनुकाचे काम नव्हे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात स्किझोफ्रेनियाशी संबंधित २८७ जनुकीय ठिकाणे सापडली. त्यांतल्या प्रत्येकाचा एकेकटा परिणाम अगदी किरकोळ असतो. त्यात गर्भारपणातल्या आणि बाळंतपणातल्या गुंतागुंतींची भर पडते.

१९९०च्या दशकाच्या मध्यावर ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे पॅट्रिक मॅक्गॉरी, अ‍ॅलिसन युंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनोविकृतीच्या उंबरठ्यावर असलेल्या तरुणांसाठी खास दवाखाना सुरू केला. अधूनमधून होणारे पुसट भास, मनात येणारा पण अजून तपासून पाहता येणारा संशय, अभ्यासात किंवा कामात अचानक झालेली घसरण या खुणांवरून हे तरुण ओळखले जातात. जगभरातल्या अशा दवाखान्यांची आकडेवारी एकत्र केली, तर तीन वर्षांत साधारण चौघांपैकी एकाला पूर्ण मनोविकृती होते असे दिसते. बाकीच्या तिघांना होत नाही. प्रवणता आणि आजार यांच्यामधल्या या अंतरात ताणाचा वाटा किती, या प्रश्नाभोवती पुढचे बहुतेक संशोधन फिरते.

याविषयीचा पहिला भक्कम पुरावा लंडनमधून आला. जॉर्ज ब्राउन आणि जेम्स बर्ली यांनी १९६८ मध्ये स्किझोफ्रेनियाचा झटका आलेल्या रुग्णांच्या आदल्या काही आठवड्यांची बारकाईने चौकशी केली. आजारामुळेच घडलेले प्रसंग त्यांनी काळजीपूर्वक वगळले. नोकरी गेली ती आजार सुरू झाल्यामुळे गेली असेल, तर ती घटना धरायची नाही. एवढी चाळणी लावूनही झटक्याच्या आधीच्या तीन आठवड्यांत जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या आयुष्यात एखादी मोठी घडामोड आढळली. इतर लोकांमध्ये तेवढ्याच काळात हे प्रमाण सातात एकाच्या आसपास होते. १९७७ मध्ये जोसेफ झुबिन आणि बॉनी स्प्रिंग यांनी यातून एक साधी पण टिकाऊ मांडणी केली. प्रत्येकाची ताण सोसण्याची मर्यादा वेगळी असते आणि ती ओलांडली गेली की लक्षणे दिसू लागतात. प्रवणता जितकी जास्त, तितका कमी ताण त्याला पुरतो. या मांडणीत मेंदूत नेमके काय घडते याचे उत्तर मात्र नव्हते. ते १९९७ मध्ये इलेन वॉकर आणि डोनल्ड डिफोरिओ यांनी द्यायचा प्रयत्न केला. ताणाचे संप्रेरक कॉर्टिसॉल आणि मेंदूतले डोपामिन यांना त्यांनी एकाच सूत्रात बांधले.

दरम्यान ताण मोजण्याची पद्धतही बदलली होती. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात इनेझ मायन-गेर्मेस, जिम व्हान ओस आणि त्यांच्या गटाने लोकांच्या मनगटावर घड्याळ बांधले. दिवसातून अनेकदा अवेळी ते वाजायचे. वाजले की त्या क्षणी काय चालले आहे, ते किती अप्रिय वाटते आहे आणि मनःस्थिती कशी आहे, हे जवळच्या वहीत लिहायचे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एक पायरीदार चित्र दिसले. बस चुकणे, कोणाशी तरी खटका उडणे, जमत नसलेले काम रेटणे अशा रोजच्या बारीकसारीक गोष्टींनी निरोगी माणसांची मनःस्थिती थोडी बिघडत होती आणि मनोविकृती होऊन गेलेल्यांची बरीच जास्त. स्वतः निरोगी असलेली त्यांची सख्खी भावंडे व आईवडील मधल्या पायरीवर होते. म्हणजे ताणाविषयीचा हा हळवेपणा केवळ आजाराचा परिणाम नव्हता. तो प्रवणतेचाच भाग होता आणि आजार नसतानाही कुटुंबात वावरत होता. मोठ्या आघातांवर सर्वांचे लक्ष जाते. प्रवण माणसाला मात्र रोजचा साधा दिवसही इतरांपेक्षा महाग पडतो, आणि ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

शरीर ताणाला कसे उत्तर देते ते येथे पाहावे लागते. धोका जाणवला की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग एक संप्रेरक सोडतो. त्यामुळे पियूषिका ग्रंथी दुसरे संप्रेरक रक्तात पाठवते आणि मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करतात. कॉर्टिसॉलमुळे साखर मोकळी होते, लक्ष टोकदार होते, शरीर तोंड द्यायला सज्ज होते. मग ते मेंदूकडे परत जाऊन आपलेच उत्पादन थांबवण्याचा संदेश देते. छपरावरची टाकी भरली की आतला तरंगता गोळा वर येऊन पाणी बंद करतो, तसे हे आहे. या गोळ्याचे काम करणाऱ्यांत हिप्पोकॅम्पसचा वाटा मोठा. कानाच्या आतल्या बाजूला खोलवर असलेला हा लांबट भाग स्मरणासाठी प्रसिद्ध आहे. तो कॉर्टिसॉलच्या जातीचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात पकडून ठेवतो, हे ब्रूस मॅकइवेन यांनी १९६८ मध्ये उंदरांच्या मेंदूत दाखवले. पुढे, १९९०च्या दशकाच्या आरंभी, त्यांच्याच प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट आढळली. तीन आठवडे रोज काही तास कोंडून ठेवलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या फांद्या आखडल्या होत्या. दिलासा एवढाच, की ताण थांबल्यावर काही काळाने त्या पुन्हा वाढतात.

स्किझोफ्रेनिया असलेल्यांचा हिप्पोकॅम्पस सरासरीने लहान असतो. २०१६ मध्ये एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या मेंदूचित्रांची तुलना निरोगी लोकांच्या चित्रांशी केली, तेव्हा मेंदूच्या आतल्या भागांपैकी सर्वांत ठळक फरक येथेच सापडला. ताण आवरणारा भागच दुबळा असला तर ताणाचे उत्तर लांबत जाईल, हा तर्क साहजिक आहे. त्याला काही आधारही मिळाला. अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांनी मिळून केलेल्या पाहणीत उंबरठ्यावरच्या तरुणांच्या लाळेतले कॉर्टिसॉल निरोगी तरुणांपेक्षा जास्त होते. ज्यांना पुढे मनोविकृती झाली त्यांच्यात ते विशेष वाढलेले होते. मेलबर्नमध्ये पुढे आजारी पडलेल्यांची पियूषिका ग्रंथी आधीपासूनच मोठी आढळली होती. ग्रंथीला सतत काम पडत असल्याची ती खूण मानली गेली.

पण सगळे पुरावे एका दिशेने जात नाहीत. परीक्षकांसमोर उभे राहून अचानक भाषण करायचे आणि लगेच तोंडी वजाबाक्या करायच्या, अशी एक प्रमाणित चाचणी जर्मनीतल्या ट्रिअर शहरात १९९०च्या दशकात तयार झाली. अशा प्रसंगी कोणाचेही कॉर्टिसॉल चढायला हवे. मनोविकृतीच्या रुग्णांत, आणि काही अभ्यासांनुसार उंबरठ्यावरच्या तरुणांतही, ते अपेक्षेपेक्षा कमी चढते. सकाळी उठल्यावर होणारी नेहमीची वाढही पहिल्या झटक्याच्या रुग्णांत बोथट असते. विश्रांतीच्या वेळी यंत्रणा चढलेली आणि गरजेच्या वेळी मंद, असे हे चित्र आहे. दीर्घकाळ ताणाखाली राहिलेल्या व्यवस्थेने आपली लवचीकता गमावली, हा त्याचा सर्वांत पटणारा अर्थ. म्हणूनच रक्तातले किंवा लाळेतले कॉर्टिसॉल तपासून एखाद्या व्यक्तीला आजार होईल की नाही हे सांगता येत नाही. गटागटांतल्या सरासरीचा फरक आणि एका माणसाचे निदान यांत फार अंतर असते. कॉर्टिसॉल स्वतः मनाला किती हलवू शकते, याचा दाखला मात्र औषधांमधून मिळतो. दमा किंवा संधिवातासाठी त्याच जातकुळीची स्टेरॉइडे मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांपैकी काहींना भ्रम आणि भास होतात. बॉस्टनमधल्या १९७२च्या एका पाहणीत प्रेडनिसोनची मात्रा दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत असताना मानसिक लक्षणे शंभरात एखाद्या रुग्णाला झाली होती. ८० मिलिग्रॅमच्या वर ती शंभरात अठरा जणांना झाली.

मनोविकृतीचा सर्वांत जवळचा रासायनिक साक्षीदार म्हणजे डोपामिन. लक्षणे शमवणारी बहुतेक औषधे डोपामिनचा संदेश अडवतात आणि तो वाढवणारे अ‍ॅम्फेटामिन निरोगी माणसातही संशय व भास निर्माण करू शकते. दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेले आणि पुढे टोरोंटोत काम केलेले मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ मध्ये या रसायनाचे अनुभवाशी नाते उलगडून दाखवले. कोणती गोष्ट महत्त्वाची, कशाकडे लक्ष द्यायचे, हे डोपामिन ठरवून देते. ते अवेळी आणि अवाजवी सुटू लागले की बिनमहत्त्वाच्या गोष्टींना भलतेच वजन येते. समोरून जाणाऱ्या अनोळखी माणसाची नजर, दारावरची खूण, टीव्हीवरचे एखादे वाक्य, सगळे आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटू लागते. मन त्याचा अर्थ लावायला धडपडते आणि त्या धडपडीतून भ्रम आकाराला येतो. लंडनमध्ये ऑलिव्हर हाउज यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले, की उंबरठ्यावरच्या तरुणांत, पूर्ण आजार होण्याआधीच, स्ट्रायटम या खोल भागात डोपामिनची निर्मिती वाढलेली असते.

ताण या यंत्रणेला थेट हात घालतो. माँट्रियलमध्ये मेंदूचे चित्रण चालू असताना लोकांना वेळेच्या दडपणाखाली गणिते घालून, ती जमत नाहीत असे वारंवार जाणवून देण्याची चाचणी तयार झाली होती. २००४ मध्ये तेथील संशोधकांना असे आढळले, की या प्रसंगी ज्यांच्या मेंदूत डोपामिन लक्षणीय प्रमाणात सुटले ते मुख्यतः लहानपणी आईची माया कमी लाभल्याचे सांगणारे होते. शिवाय ज्याचे कॉर्टिसॉल जास्त चढले, त्याचे डोपामिनही जास्त सुटले. रोमिना मिझ्राही यांच्या टोरोंटोतल्या गटाने २०१२ मध्ये हीच चाचणी उंबरठ्यावरच्या तरुणांना आणि अद्याप औषध न घेतलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना दिली. निरोगी लोकांच्या तुलनेत या दोन्ही गटांत ताणाने सुटलेले डोपामिन जास्त होते. सहभागी थोडे होते, त्यामुळे या निष्कर्षावर फार मोठा इमला उभारू नये. तरी आयुष्यातला प्रसंग आणि मेंदूतले रसायन यांची गाठ माणसाच्याच मेंदूत प्रत्यक्ष दिसली, हे त्याचे मोल.

हिप्पोकॅम्पस आणि डोपामिन यांना जोडणारा दुवा पिट्सबर्गमधल्या अँथनी ग्रेस यांच्या उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाला. हिप्पोकॅम्पसमध्ये इतर पेशींना लगाम घालणाऱ्या काही विशेष चेतापेशी असतात. त्या निकामी झाल्या की हा भाग अति सक्रिय होतो आणि त्याच्या चिथावणीने डोपामिनच्या पेशी गरजेपेक्षा जास्त संख्येने जाग्या राहतात. गर्भावस्थेत इजा झालेल्या उंदरांत हे प्रौढपणी दिसते. मात्र वयात येण्याच्या सुमारास ते ताणाला फार जास्त प्रतिसाद देतात, आणि त्या काळात डायझेपामसारखे चिंता शमवणारे औषध देऊन तो ताण हलका केला तर प्रौढपणीची बिघाडी टळते. याउलट, गर्भावस्थेत काहीही इजा न झालेल्या उंदरांवर त्याच वयात तीव्र ताण लादला, तर तशीच बिघाडी निर्माण होऊ शकते. उंदराला भ्रम होत नाहीत, आणि तरुणांना सरसकट डायझेपाम द्यावे असा याचा अर्थ मुळीच नाही. पण किशोरवय हा ताणाच्या दृष्टीने इतका नाजूक काळ का, हे या प्रयोगांमुळे समजू लागते. त्याच वयात माणसाचे कॉर्टिसॉल वाढते आणि कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागाची जडणघडण अजून चालू असते. भावनांना आवर घालणारा आणि संशय तपासून पाहणारा हा भाग येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टन यांच्या संशोधनानुसार तीव्र ताणाखाली आपले काम तात्पुरते सोडून देतो.

ताणाचा एक गुण विशेष चिंतेचा आहे. तो पुन्हा पुन्हा आला तर नेहमीच सवय होते असे नाही. काही परिस्थितींत मेंदू उलट अधिक संवेदनशील होत जातो आणि पुढच्या वेळी लहान कारणही पुरते. प्राण्यांमध्ये ताण आणि अ‍ॅम्फेटामिन एकमेकांचा परिणाम वाढवतात, हे १९८०पासून माहीत आहे. माणसात याचा माग बालपणापर्यंत जातो. २०१२ मध्ये फिलिपो व्हारेझे आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले, की लैंगिक अत्याचार, मारहाण, आबाळ, शाळेतला छळ अशा अनुभवांतून गेलेल्यांत मनोविकृतीची शक्यता सुमारे पावणेतीन पट असते. असे बालपण गेलेल्यांना प्रौढपणी रोजचे लहानसहान ताणही जास्त बोचतात, असेही दिसते. येथेही चित्र सरळ रेषेचे नाही. लंडनमधल्या २०१९च्या एका अभ्यासात आयुष्यभर खूप प्रतिकूलता सोसलेल्या, पण मानसिक आजार नसलेल्या लोकांत डोपामिनची निर्मिती वाढलेली नव्हती, उलट कमी होती. ताणाला त्यांच्या शरीराचा प्रतिसाद मंद होता, मनाला जाणवणारा धोका मात्र मोठा होता. प्रतिकूलता आणि आनुवंशिक प्रवणता यांचा मेळ कसा बसतो, यावर परिणाम ठरत असावा. जनुकीय जोखीम आणि बालपणीचे आघात एकत्र आले की धोका दोहोंच्या बेरजेपेक्षाही वाढतो, असे युरोपातल्या मोठ्या अभ्यासात दिसले आहे.

ताणाचे सामाजिक रूप सर्वांत स्पष्ट दिसते ते स्थलांतरितांमध्ये. एलिझाबेथ कँटर-ग्रे आणि यान-पॉल सेल्टन यांनी २००५ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र केले. स्थलांतर केलेल्या पहिल्या पिढीत स्किझोफ्रेनियाचा धोका सुमारे २.७ पट होता आणि त्यांच्या मुलांमध्ये ४.५ पट. मुले तर त्या नव्या देशातच वाढलेली, तेव्हा प्रवासाचा त्रास किंवा आजारी माणसेच देश सोडतात ही स्पष्टीकरणे त्यांना लागू पडत नाहीत. ब्रिटनमधल्या कॅरिबियन वंशाच्या लोकांत प्रमाण फार वाढलेले आहे, त्यांच्या मूळ बेटांवर तसे नाही. लंडन आणि हेग येथे आणखी एक गोष्ट आढळली. ज्या वस्तीत आपल्या समाजाचे लोक कमी, तेथे अल्पसंख्याकांचा धोका जास्त. कँटर-ग्रे आणि सेल्टन यांच्या मते या सर्वांच्या मुळाशी सतत खालचे आणि बाहेरचे ठरवले जाण्याचा अनुभव आहे. बलवान उंदराकडून वारंवार हार खाल्लेल्या उंदराच्या मेंदूत डोपामिन वाढते, याचा त्यांनी आधार घेतला.

मानहाइम येथे आंद्रेआस मायर-लिंडेनबर्ग यांच्या गटाने २०११ मध्ये शहराचा प्रश्न हाती घेतला. युरोपात शहरात वाढलेल्यांना स्किझोफ्रेनियाचा धोका जास्त असतो, हे जुने निरीक्षण होते. निरोगी जर्मन तरुणांना चित्रणयंत्रात झोपवून गणिते घातली आणि कानात नापसंतीचे शेरे ऐकवले. जे सध्या शहरात राहत होते त्यांचा अमिग्डाला, म्हणजे धोका हेरणारा भाग, जास्त उत्तेजित झाला. जे शहरात वाढले होते त्यांच्यात अमिग्डालाला आवरणाऱ्या सिंग्युलेट पट्ट्याच्या पुढच्या भागाचे काम वेगळे दिसले. हे भारताला जसेच्या तसे लावता येत नाही. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या तुलनेत शहर आणि मनोविकृती यांचा असा ठळक संबंध आढळलेला नाही. शहराच्या इमारतींपेक्षा तेथे माणसाला मिळणारी किंवा न मिळणारी सोबत बहुधा जास्त मोजली जाते.

सोबतीचा प्रश्न अखेर घरात येतो, आणि येथे फार जपून बोलावे लागते. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी आईच्या थंड, दबाव टाकणाऱ्या वागण्याकडे स्किझोफ्रेनियाचे कारण म्हणून बोट दाखवले. या समजुतीला पुरावा मिळाला नाही, पण तिच्यापायी पुढची कित्येक वर्षे असंख्य आया अपराधी भावनेने पोळून निघाल्या. ब्राउन यांचा प्रश्न वेगळा होता. आजार कशाने झाला हे बाजूला ठेवून, बरा होऊन घरी गेलेला रुग्ण पुन्हा कधी आजारी पडतो हे त्यांनी पाहिले. ज्या घरात टीका, राग किंवा अति गुंतून काळजी करणे जास्त होते, तेथे आजार जास्त वेळा उलटत होता. १९९८ मध्ये २७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात अशा घरांत आजार उलटण्याचे प्रमाण सुमारे ६५ टक्के आणि इतर घरांत ३५ टक्के निघाले. ही टीका बहुतेक वेळा क्रूरपणातून येत नाही. न समजणाऱ्या आजाराने थकलेल्या, घाबरलेल्या माणसांची ती भाषा असते, आणि आळशीपणा म्हणून जे बोचते ते अनेकदा आजाराचेच लक्षण असते. चंदीगडमध्ये १९८०च्या दशकात नरेंद्र विग आणि सहकाऱ्यांनी हीच मोजणी केली तेव्हा लंडनमध्ये जवळजवळ निम्म्या आढळणाऱ्या अशा घरांचे प्रमाण तेथे सुमारे एक चतुर्थांश निघाले, आणि खेड्यांत आणखी कमी. नंतरच्या पाठपुराव्यात तेथे आजार उलटण्याशी नाते टिकून राहिले ते मुख्यतः वैरभावाचे.

यावर उपाय करता येतो, हा या सगळ्या संशोधनातला सर्वांत उपयोगी भाग. कुटुंबाला आजार समजावून सांगणे, बोलण्याचा सूर बदलायला मदत करणे, काळजी घेणाऱ्यांनाही विसावा मिळवून देणे, असे काम औषधांच्या जोडीने काही महिने चालवले की आजार उलटण्याचे प्रमाण घटते, असे अनेक चाचण्यांत सिद्ध झाले आहे. औषध डोपामिनचा संदेश अडवते आणि घरातला निवळलेला सूर त्या यंत्रणेला चिथावणी कमी देतो. दोन्ही एकाच ठिकाणी काम करतात, त्यामुळे एकाच्या भरवशावर दुसरे सोडणे धोक्याचे ठरते. झोपेकडेही आता लक्ष दिले जाते, कारण ताणाचा पहिला घाव बहुधा तिच्यावरच पडतो. ऑक्सफर्डमधल्या डॅनियल फ्रीमन यांनी ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या निद्रानाश असलेल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवर केलेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. इंटरनेटवरून दिलेल्या, औषधाविना झोप सुधारणाऱ्या उपचाराने त्यांची झोप तर सुधारलीच, शिवाय संशय आणि भासांसारखे अनुभवही कमी झाले.